इंजिनाच्या काचेतून दिसणारा माणूस

“रुळाशेजारी उभा असलेला माणूस पुढच्या क्षणी काय करणार, ते इंजिनातून कळत नाही,” मामा म्हणाले. “तुम्हाला वाटतं, गळ्यात कॅमेरा आहे, म्हणजे ड्रायव्हरला समजेल की ही शूटिंगवाली पोर आहे. अगं, शंभराच्या वेगात कॅमेरा दिसत नाही, माणूस दिसतो. आणि रुळाजवळ एकटा उभा राहिलेला माणूस आम्ही नोकरीत फार वेळा पाहिलेला असतो.”

मामा मध्य रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागले, मग मालगाडी, मग पॅसेंजर, शेवटी मेल-एक्स्प्रेस. सगळ्यात जास्त वर्षं गेली ती कर्जत-लोणावळा घाटात. मी कॉलेजात असल्यापासून गाड्यांचं चित्रीकरण करते. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे. सुट्टीचा दिवस मात्र एखाद्या फाटकाबाहेर, टेकाडावर किंवा लहानशा स्टेशनच्या टोकाला जातो. आमचा हा वाद जुना आहे. तो लिहून काढते आहे, कारण या छंदाच्या अडचणी सांगायला बसलं की आम्ही छंदवाले आपल्याच अडचणी सांगतो: ऊन, पाऊस, लेट झालेली गाडी, हटकणारा पोलीस. समोरून गाडी घेऊन येणाऱ्या माणसाची अडचण त्यात कधी नसते.

“मग आधी तुमचीच सांगा,” मी म्हटलं.

“ब्रेक,” ते म्हणाले. “ताशी 110 म्हणजे सेकंदाला तीस मीटर. माणूस दिसला, शिट्टी दिली, तो हलत नाही हे ध्यानात आलं, तोवर तीन सेकंद गेले. म्हणजे जवळजवळ शंभर मीटर तिथेच संपले. मग इमर्जन्सी ब्रेक लावला, तरी गाडी जागच्या जागी थांबते होय? भरलेली मालगाडी असली तर किलोमीटरभर पुढे जाऊन थांबेल. आमच्या हातात स्टिअरिंग नाही. शिट्टी आणि ब्रेक, बस्स. त्यानंतर जे होईल ते आम्ही काचेतून बघायचं.”

“पण मी रुळावर नसतेच कधी. बरीच लांब असते.”

“ते तुला ठाऊक. मला कसं कळणार? वळणाच्या बाहेरच्या अंगाला कुणी उभं असलं ना, तर गाडी वळायच्या आधी आम्हाला ते माणूस नाकासमोरच दिसतं. रूळ तोवर त्याच्याकडेच चाललेले असतात. वळण लागून गाडी फिरली की मग कळतं, बाजूला होतं. तोपर्यंत पोटात खड्डा पडलेला असतो. तुझं शूटिंग झालं, तू घरी गेलीस. आम्हाला अजून पुढं पुण्यापर्यंत जायचंय.”

ही गोष्ट छायाचित्रणाच्या कुठल्याही धड्यात मी वाचली नव्हती. वळणाच्या आतल्या बाजूने इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळी गाडी एका चौकटीत येते, म्हणून आम्ही बहुधा आतलीच बाजू धरतो. पण समोरून झगमगत अंगावर येणारं इंजिन हवं असलेले बाहेरच्या बाजूला उभे राहतात. त्यांनी मामांचं हे बोलणं ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

मी त्यांना आमच्या बाजूची एक गोष्ट सांगितली. तीही तितकीच कमी लोकांना ठाऊक असते. मोबाइलची नेहमीची लेन्स वाइड असते. वाइड लेन्समधून प्रत्येक वस्तू असते त्याहून लांब आणि लहान दिसते. पडद्यावर बघत उभ्या असलेल्या पोराला गाडी अजून दूर आहे असंच वाटत असतं. चित्र लहान येतंय म्हणून तो आणखी एक पाऊल पुढे टाकतो. डोळ्यांनी बघत असता तर टाकलं नसतं.

“म्हणजे त्यांना खरंच दिसत नाही?” मामांनी विचारलं.

“दिसतं ते चुकीचं दिसतं.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “मला वाटायचं, मस्ती आहे.”

“काहींची असते. सगळ्यांची नसते.”

“आणि आवाज?” ते पुन्हा मूळ मुद्द्यावर आले. “घाटात तीन लाइनी आहेत. एका लाइनीवरून बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं, लावलेली मालगाडी चढत असली की तिच्या धडधडाटात शेजारच्या लाइनीवरून उतरणारी गाडी ऐकू येत नाही. विजेचं इंजिन उताराला तसंही फारसा आवाज करत नाही. ज्यांचा जन्म रुळांवर गेला असे आमचे गँगमनसुद्धा असे गेलेत. तुम्ही तर कानात हेडफोन घालून आवाज तपासत असता.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि असायचं कारणही नाही. रुळांच्या हद्दीत पाऊल टाकून केलेलं चित्रीकरण कितीही देखणं असलं तरी मला ते मान्य नाही. कायदाही तेच सांगतो. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली रेल्वेच्या हद्दीत बेकायदा घुसणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण हजार रुपयांच्या भीतीने कुणी मागे सरत नाही. काचेमागच्या माणसाची आठवण राहिली तर सरेल, असं मला वाटतं.

“आता तुझी अडचण सांग,” मामा म्हणाले.

“डेक्कन क्वीन.”

“तिची काय अडचण?”

“तिच्या तोंडावर ऊनच पडत नाही. सकाळी सव्वासातला पुण्याहून निघून ती वायव्येकडे धावते, तेव्हा सूर्य तिच्या पाठीशी. संध्याकाळी पाच दहाला मुंबईहून निघून आग्नेयेला येते, तेव्हा मावळतीचा सूर्य पुन्हा पाठीशीच. 1 जून 1930 ला सुरू झालेली, डायनिंग कार बाळगणारी एवढी मानाची गाडी, आणि समोरून घ्यावी तर इंजिनाचं तोंड दोन्ही वेळा सावलीत. हेडलाइट मात्र झगझगीत. लाइट सांभाळावा तर गाडी काळी पडते, गाडी उजळावी तर मागचं आभाळ पांढरंफटक होतं.”

मामा खुलले. “म्हणूनच आम्हाला ती गाडी आवडायची. जाताना-येताना कधीच ऊन डोळ्यांत नाही! तुमचा उजेड खराब, तो आमचा उत्तम.”

मी मात्र तिच्यासाठी समोरची चौकट सोडून दिली आहे. कामशेत-मळवलीच्या बाजूला रुळांपासून लांब शेताच्या कडेने उभं राहून ती आडवी घेते. 2022 मध्ये तिचे जुने डबे जाऊन नव्या बनावटीचे एलएचबी डबे आले, नवा रंग आला. तिरप्या कोवळ्या उन्हात तो रंग डब्यांच्या कुशीवर सुरेख दिसतो. समोरून न मिळणारी गाडी कुशीवरून मिळते, हे समजायला ऋतूंमागून ऋतू एकाच जागी जावं लागतं. पावसाळ्यात सूर्य कुठून वर येतो, थंडीत कुठून, धुकं किती वाजता विरतं, भाताच्या खाचरात पाणी कधी असतं, हे सगळं अंगवळणी पडावं लागतं. कॅमेरा कुठला घ्यावा, शटर किती ठेवावं, हे चार दिवसांत शिकता येतं. जागा शिकायला वर्षं लागतात.

“आणि एवढं करून मिळतं काय?” मामांनी विचारलं.

“बावीस डब्यांची एलएचबी गाडी इंजिनासकट साधारण साडेपाचशे मीटर भरते. ताशी 110 ने गेली तर अठरा सेकंदांत संपते.”

“अठरा सेकंद!”

“त्यात मधेच मोटारसायकलचा हॉर्न वाजला, कुणी ‘ओ ताई, कुठल्या चॅनलला येणार’ म्हणून विचारलं, की ती अठराही गेली.”

“म्हणून मग पुढच्या ठिकाणी गाठायला गाडीमागे धावता,” मामांचा आवाज चढला. “जुन्या हायवेने. एका हातात स्टिअरिंग, लक्ष उजवीकडच्या गाडीवर. हे मी इंजिनातून पाहिलंय. मोटारीच्या खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर आलेला पोरगा, आणि पुढं टेम्पो उभा. आम्ही शिट्टी वाजवली ती त्या टेम्पोसाठी. त्या पोराला वाटलं, आम्ही त्याला सलामी दिली.”

या बाबतीत मी मामांच्याच बाजूची आहे. समांतर रस्त्यावरून गाडीबरोबर पळत घेतलेली दृश्यं बघायला थरारक असतात, म्हणून ती फार पसरतात. पण रस्ता इतरांचाही असतो. चालवणाऱ्याने रुळांकडे बघू नये, कॅमेरा दुसऱ्याने धरावा आणि तोही सीटवर बसून, एवढं तरी पाळलंच पाहिजे. मीच चालवत असेन तर कॅमेरा बॅगेत असतो.

पण पाठलाग सगळीकडे सारखा नसतो, हे मला मामांना पटवायचं होतं. कोकणात गाडीमागे धावून तिला कुणी गाठू शकत नाही. महामार्ग डोंगर चढतो, उतरतो, नद्यांना वळसे घालतो. रेल्वे सरळ डोंगराच्या पोटातून जाते. नव्वदहून जास्त बोगदे आहेत आणि एकट्या करबुड्याच्या बोगद्याची लांबी साडेसहा किलोमीटर आहे. तरीही तिथे एकच गाडी दोन-तीन जागी घेता येते, कारण बरीचशी लाइन एकेरी आहे. समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी आपली गाडी कुठल्यातरी स्टेशनात बाजूच्या लूप लाइनला उभी राहते. कुठलं क्रॉसिंग कुठे पडेल, कोण कुणासाठी थांबेल, याचा अंदाज आदल्या रात्री कागदावर बांधायचा. पावसाळी वेळापत्रक लागलं की वेग कमी होतो आणि हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

मामा ऐकत होते. “मग ते तर सेक्शन कंट्रोलरचं काम झालं.”

“त्यांच्यासारखंच. फक्त आमच्या हातात सिग्नल नाहीत.”

“हे मला आवडलं,” ते म्हणाले. “यात अक्कल लागते. पण मग एवढा हिशेब येतो तर पुढच्या स्टेशनला आधीच जाऊन बस ना. प्लॅटफॉर्मवर बस.”

“प्लॅटफॉर्म तिकीट दोन तासच चालतं, मामा. गाडी तीन तास लेट.”

“तर दुसरं काढ. दहा रुपयांनी काय होतंय?”

दहा रुपयांचा प्रश्न नसतो. प्रश्न असतो नजरेचा. ट्रायपॉड उभा केला की कुणीतरी येऊन विचारतं, परवानगी आहे का. व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी आणि शुल्क लागतं, हे स्पष्ट आहे. पण स्वतःच्या हौसेसाठी हातातल्या कॅमेऱ्याने गाडी टिपणाऱ्याला एका स्टेशनात चहा मिळतो, तर पुढच्या स्टेशनात क्लिप पुसायला लावतात. बाई असेल तर आणखी एक गोष्ट वाढते. एका फाटकाबाहेर मी गाडीची वाट बघत उभी होते. खांद्यावर हातोडा घेऊन रूळ तपासत निघालेला कीमन मला बघून थांबला. पुढे गेला, पुन्हा मागे आला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “ताई, घरी काही झालंय का?” मला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा कॅमेरा दाखवला, आधी घेतलेल्या गाड्या दाखवल्या. त्याला खात्री पटेपर्यंत तो तिथून हलला नाही.

“बरोबर केलं त्यानं,” मामा म्हणाले. “तो चाल ओळखतो, उभं राहणं ओळखतो. रुळांवर रोज चालणारा माणूस आहे. तुला राग आला होता?”

“नाही. उलट, मला तो माणूस विसरता येत नाही.”

“मग त्याचं शूटिंग केलंस का?”

मी नाही म्हटलं. मामांना हेच उत्तर हवं होतं बहुतेक, कारण त्यांचा खरा आक्षेप यानंतर आला. आधीचे सगळे मुद्दे सुरक्षिततेचे होते. त्यावर आमच्यात मतभेद फार उरले नव्हते.

“तुम्ही नुसती इंजिनं काढता,” ते म्हणाले. “नंबर, रंग, शेड, स्पीड. रेल्वे म्हणजे इंजिन नव्हे गं. आपला हा कर्जत-लोणावळ्याचा भोर घाट 1863 ला सुरू झाला, पण तो बांधताना हजारो मजूर मेले. त्यांचं नाव-गाव कुठे आहे? 37 फुटांना एक फूट असा चढ, आणि 1929 पर्यंत खंडाळ्याजवळ गाडीला इंजिनाची दिशा बदलून पुढं जावं लागायचं. हे सगळं कुणाच्या हातांनी चाललं? आज पावसाळ्याआधी हिल गँगची माणसं कमरेला दोर बांधून कड्यावर चढतात, सुटलेले दगड पहारीने आपणच पाडतात, म्हणजे ते जुलैत गाडीवर पडू नयेत. पावसात रात्रभर गस्तवाला कंदील घेऊन बोगद्यातून फिरतो. त्याचं एक तरी दृश्य आहे तुझ्याकडे? घाटात मंकी हिलवरून उतरणारी गाडी का थांबते, ते दाखवलंस कधी?”

ते मीच इथे सांगायला हवं. घाट उतरणाऱ्या गाडीला ठरलेल्या जागी थांबावंच लागतं. तिथला रूळ बदलणारा पॉइंट मुळात कॅच सायडिंगच्या बाजूला लावलेला असतो. गाडी नीट थांबली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध झालं, की मगच मुख्य लाइन मिळते. ताबा सुटलेली गाडी सायडिंगच्या चढावर जाऊन थांबावी, ही त्यामागची योजना. प्रवासी खिडकीतून म्हणतात, “सिग्नल नाही वाटतं.” कॅमेरेवाल्यांना उभ्या गाडीत रस नसतो. वास्तविक घाटातली सगळ्यात महत्त्वाची घटना ती न धावण्याची आहे.

इथे मात्र मी अडून बसले. “मामा, तुमचं म्हणणं पटतं. पण इंजिनं काढली नसती तर काय राहिलं असतं? खेकडा तुम्ही पाहिलाय?”

त्यांचा चेहरा बदलला. खेकडा म्हणजे डब्ल्यूसीजी-1, ब्रिटिश काळातलं लांब नाकाडांचं विजेचं इंजिन. “कल्याणला पाहिला. म्हातारा झाला होता तो तेव्हा. चालायचा तेव्हा सगळं अंग हलायचं.”

“त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग आहे तुमच्याकडे?”

“आमच्याकडे कुठलं?”

“एक इंजिन मुंबईच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये उभं आहे, एक दिल्लीच्या म्युझियममध्ये. पण उभं इंजिन बोलत नाही. डब्ल्यूसीजी-2 घाटात मागून ढकलायची, ती तर तुम्ही चालवली. 1500 व्होल्टची डीसी वीज आधी घाटातून गेली, मग 2015-16 मध्ये मुंबईतला शेवटचा तुकडाही एसी झाला. त्या बँकरचा चढावरचा आवाज आज ऐकायचा तर कुठे ऐकायचा? कुणा हौशी माणसाने हातातल्या साध्या कॅमेऱ्यावर घेतला असेल तिथेच. कोकण रेल्वेवर डिझेलची जोडी उक्षीच्या धबधब्यापाशी बोगद्यात शिरायची. 2022 मध्ये पूर्ण मार्गाचं विद्युतीकरण झालं. आता तिथे खांब आहेत, तारा आहेत. ती चौकट गेली ती गेली. मूर्तिजापूरच्या शकुंतला गाडीला 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं. मी तेव्हा लहान होते. पण ज्यांनी तेव्हा कॅमेरा उचलला त्यांचे उपकार मी मानते.”

मामा काही बोलले नाहीत.

“आणि तुमचा स्वतःचा इंजिन चालवतानाचा फोटो?”

“नाही,” ते म्हणाले. “ड्युटीवर फोन बंद करून ठेवायचा. तो नियम योग्यच आहे. त्याआधी तर फोनच नव्हते. निरोपाच्या दिवशीचा आहे, हारासकट, इंजिनाबाहेर उभं राहून.”

“मग चाळीस वर्षांचं तुमचं काम बाहेर उभ्या असलेल्या कुणीतरीच टिपलं असणार.”

याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मला जिंकायचं नव्हतं, पण हा मुद्दा मला सोडायचाही नव्हता. बँकरचंच घ्या. कर्जतला गाडी थांबते, मागे बँकर लागतात, लोणावळ्याकडे चढते. कसाऱ्याहून इगतपुरीला जाताना तेच. लोकांना हे कायमचं वाटतं. पण 2019 मध्ये मुंबईहून नाशिकमार्गे राजधानी सुरू झाली आणि ती पुढे-मागे इंजिन लावून, बँकरविना घाट चढू लागली. 10 फेब्रुवारी 2023 ला सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत सुरू झाल्या. त्यांची ताकद डब्यांखाली वाटलेली असते, त्यांना मागून ढकलायला कुणी लागत नाही. कर्जतच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून बँकर जोडण्याचं काम आज कायदेशीरपणे, निवांत, हवं तितकं टिपता येतं. नेमकं तेच कुणी टिपत नाही, कारण त्यात वेग नाही.

“आता कसं बोललीस!” मामा म्हणाले. “मीही तेच म्हणत होतो. आणि टिपलंस तर खाली तारीख लिही. मी तुझ्या त्या मित्रमंडळींच्या क्लिपा बघितल्या. गाडीचं नाव असतं, ‘फुल स्पीड’ असतं. तारीख नाही, इंजिनाचा नंबर दिसत नाही, कुठल्या किलोमीटरला घेतलं ते नाही. वर गाणं लावलेलं. मी आवाजावरून सांगितलं असतं की नॉच कितवा आहे, चाकं घसरतायत का. गाण्याखाली काय ऐकू?”

हे शंभर टक्के खरं आहे. गाण्याने झाकलेली क्लिप पन्नास वर्षांनी कुणाच्याही उपयोगाची नाही. आवाज ठेवा, तारीख-वेळ-जागा लिहा, पुसू नका, दोन ठिकाणी साठवा. यात पैसे लागत नाहीत, शिस्त लागते.

मग दूधसागर धबधब्यावरून वाद झाला. 2023 च्या जुलैत पावसाळी पर्यटक रुळांवरून चालत धबधब्याकडे निघाले, तेव्हा रेल्वे पोलिसांनी त्यांना अडवलं, काहींना उठाबशा काढायला लावल्या. दक्षिण पश्चिम रेल्वेला जाहीर विनंती करावी लागली की रुळांवरून चालू नका, गाडीतूनच दृश्य बघा. मामांना ते योग्य वाटलं. मलाही गर्दी अडवणं योग्य वाटलं, उठाबशा नाही.

“पण मामा, अडवता तर उभं राहायला जागा द्या. फाटकं बंद होऊन पूल होतायत. पादचारी पुलांना दोन्ही बाजूंनी उंच पत्रे लागतायत.”

“पत्रे हौसेने लावत नाहीत. खाली 25,000 व्होल्ट आहेत. तुझ्यासारखी एखादी सेल्फी स्टिक खाली सोडेल.”

“म्हणूनच म्हणते. खंडाळ्याच्या बाजूला रुळांपासून दूर, कठडा असलेली एक जागा करा. तिथून गाडी कधी दिसेल त्याचा फलक लावा. तिकीट ठेवा हवं तर. लोक मंकी हिलला रुळांवरून चालत जायचे थांबतील.”

“रविवारी हजार माणसं येतील. वडापावच्या गाड्या लागतील. आणि जागा भरली की उरलेले पुन्हा रुळांवरच उतरतील.”

“सगळेच उतरणार नाहीत.”

“गाडीखाली यायला एकच पुरतो.”

इथे आमचं जमलं नाही, अजूनही जमलेलं नाही. अधिकृत जागा केली तर धोका घटेल असं मला वाटतं. गर्दी वाढेल आणि गर्दीबरोबर धोकाही वाढेल, असं त्यांना वाटतं. ड्रोनबद्दल मात्र एका वाक्यात एकमत झालं: लोणावळ्यात नौदलाचं आयएनएस शिवाजी आहे, खाली उच्च दाबाच्या तारा आहेत, परवानगीशिवाय उडवण्याचा विषयच नको.

“तू असं कर,” शेवटी मामा म्हणाले, “रेल्वेकडे अर्ज कर. डिव्हिजनला. हिल गँगचं काम टिपायची परवानगी माग. आतून, त्यांच्या माणसाबरोबर, हेल्मेट घालून.”

“देतील?”

“मागितल्याशिवाय कोण देतं?”

मी लॅपटॉप उघडला. विषय: घाट विभागातील पावसाळापूर्व कामाचे अव्यावसायिक चित्रीकरण. पहिल्या परिच्छेदात मी इंजिनांचा उल्लेख केला. मामांनी तो काढायला लावला. बँकर जोडणीचा ठेवू दिला. चित्रीकरणाची प्रत रेल्वेला विनामूल्य देईन, असं मी लिहिलं. “आणि गँगच्या माणसांनाही देईन, असं लिही,” ते म्हणाले. “त्यांची नावं खाली घालायला त्यांची परवानगी घेईन, हेही.” लिहिलं. एकूण कॅमेरे किती, माणसं किती, ट्रायपॉड आहे का, सगळं लिहिलं.

“तारीख काय घालू? जून?”

“जून कसला! मे घाल,” मामा म्हणाले. “पाऊस सुरू व्हायच्या आत कडा साफ झालेला असतो. एकदा पाऊस लागला की ती माणसं दोरावर नसतात, गस्तीवर असतात. गस्तीसाठी वेगळा अर्ज कर.”